दोनशे चौदा नंबरची ओळ

कुसुमावती चरडे आमच्या मागच्या गल्लीत राहायला आल्या तेव्हा शहराला लागून असलेल्या आमच्या बेसा गावात घरांपेक्षा वावरं जास्त होती. आता त्यांच्या घराच्या तिन्ही बाजूंनी सात-सात मजली इमारती उभ्या आहेत आणि त्यांतल्याच एकीच्या गेटवर त्यांचे यजमान मारोतराव पहारेकरी आहेत. त्यांची मुलगी काजल माझ्या शाळेत पाचवीपासून दहावीपर्यंत होती. मुलगी हुशार, पण फळ्याजवळचे खडू खायची. त्या तक्रारीसाठी मी आईला बोलावलं, तेव्हापासूनची आमची ओळख.

त्या दिवशी त्या वर्गाच्या दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "खडूच खाते ना जी, गुरुजी. माती तर खात नाही." मग पायरी उतरल्या, दोन पावलं गेल्या आणि परत आल्या. "खाते. मातीही खाते. मी काहून खोटं बोलू."

कुसुमाबाई दिसायला लहानखुऱ्या आहेत, बोलतात कमी, आणि बोलतात तेव्हा समोरच्याच्या खांद्याकडे पाहतात. बेशापासून पाच-सहा किलोमीटरवर एका संस्थेचं ज्वारीचं केंद्र आहे. जास्त पिकणारी आणि दाण्यात लोह, जस्त जास्त असलेली ज्वारी तयार करायची, हे तिथलं काम. कुसुमाबाई तिथे एकवीस-बावीस वर्षांपासून रोजंदारीवर आहेत. आधी निंदणाला जायच्या, मग क्रॉसिंगच्या बायांमध्ये आल्या.

क्रॉसिंग म्हणजे काय ते त्यांनी मला अंगणात बसून, तांदळाची कणी नखावर ठेवून समजावलं होतं. ज्वारीच्या एकाच फुलात नर आणि मादी असे दोन्ही भाग असतात, त्यामुळे ते फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागाने फळतं. दोन वेगळ्या ज्वारींचा संकर करायचा असेल तर एकीच्या फुलातले नरभाग फूल उमलायच्या आधी काढावे लागतात. फूल त्या कणीएवढंच. त्यात परागाच्या तीन पिवळसर पिशव्या. दुपारी ओळीत स्टूल टाकून बसायचं, कणसावरची चाळीस-पन्नास फुलं ठेवून बाकीची छाटायची, आणि राहिलेल्या प्रत्येक फुलातल्या त्या तिन्ही पिशव्या सुईने उचलून काढायच्या. एकही फुटता कामा नये. फुटली की पराग सांडला आणि ते फूल वाया गेलं. मग कणसावर कागदी पिशवी चढवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या ज्वारीचा पराग आणून त्यावर झटकायचा. नवख्या बाईची पन्नासातली तीस फुलं फसतात. कुसुमाबाईंची चार, फार तर पाच.

त्या केंद्रातली एक ओळ, म्हणजे निवडीतून घडवलेली ज्वारीची एक जात, कुसुमाबाईंची होती. कागदोपत्री ती श्वेता मॅडमची. डॉक्टर श्वेता म्हणजे तिथल्या संशोधक, अमरावतीच्या. दहा-अकरा वर्षांपूर्वी, नुकत्याच लागलेल्या असताना, मॅडमना जुन्या देशी ज्वाऱ्या हव्या होत्या. कुसुमाबाई माहेरी गेल्या आणि पदराच्या गाठीत बी घेऊन आल्या. माहेर नरखेड तालुक्यात. तिथे सगळीकडे आता संत्रा आणि मोसंबी, पण भावजय बगिच्याच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधालगत, दोन तास (दोन सऱ्या) जुनी ज्वारी पेरायची, भाकरीला चव येते म्हणून. झाड उंच, उशिरा येणारं, पीक बेताचं. मॅडमनी दाणा तपासला तर त्यात लोह इतर ज्वाऱ्यांपेक्षा जरा जास्त निघालं. मग तिचा संकर केंद्रातल्या बुटक्या, भरघोस पिकणाऱ्या ज्वारीशी केला. ती पहिली फुलं कुसुमाबाईंनीच सुईने साफ केली होती. पुढे दरवर्षी निवड होत होत शेकडो झाडांमधून एक ओळ उरली. फिल्ड बुकात तिचा नंबर दोनशे चौदा.

शेतावरचे लोक तिला 'कुसुमाची पोरगी' म्हणत. लहानू नावाचा तिथला जुना मजूर सकाळी कुसुमाबाई फाटकातून आत येताना दिसल्या की ओरडायचा, "कुसुमाबाई, पोरीचं तोंड सुकलं गा आज! रात्री जेवली नाही वाटते."

"तुह्या बायकोले विचार, कोणाचं तोंड सुकलं ते."

"आता लग्नाची झाली ना जी ती. पाहुणे केव्हा येऊन राहिले?"

"तुह्यासारखा जावई भेटन म्हणून लपवून ठेवली आहे."

एवढंच दोघांचं भांडण, आणि तेही रोज.

ज्या चुकीसाठी मी हे लिहितो आहे ती तीन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरातली. ओळ तयार झाली होती. पीक चांगलं होतं. दाण्यात लोह किती आहे हे तपासायला तिच्यातली पाच कणसं प्रयोगशाळेत जायची होती. अशा नमुन्यांसाठी केंद्रात नियम आहे. कणीस स्टीलच्या कैचीने कापायचं, कापलं की थेट कापडी पिशवीत टाकायचं, खाली ठेवायचं नाही, आणि दाणे हातानेच चोळून काढायचे. कुसुमाबाईंना नियम पाठ होता. खाली ठेवलं तर ओल लागते, बुरशी येते, म्हणून तो असेल असं त्या समजत होत्या.

त्यांच्या माहेरी एक रीत होती. कापणीची पहिली पाच कणसं भुईला टेकवायची. नुसतं शिवून उचलायचं नाही. जरा दाबून धरायची, वर हात ठेवायचा, डोकं टेकवायचं आणि मग घरात न्यायची. जिने दिलं तिला आधी दाखवायचं. आई करायची, आजी करायची. केंद्रातल्या शेकडो ओळींसाठी कुसुमाबाईंनी हे कधीच केलं नव्हतं. ती नोकरी होती. पण त्या सकाळी दोनशे चौदापुढे उभ्या राहिल्यावर त्यांना वाटलं की हिचं बी तर आपल्या घरचं, हिला तसंच कसं न्यायचं. त्यांनी पाच कणसं कापली, ओळीतच गुडघे टेकून बसल्या आणि ती काळ्या मातीवर दाबून धरली. दव पडलेलं होतं. लागलेली माती त्यांनी पदराने पुसली. दाणा स्वच्छ दिसला. कणसं पिशवीत गेली.

जानेवारीत आकडा आला. साध्या ज्वारीत किलोमागे तीस-बत्तीस मिलिग्रॅम लोह असतं. पंचेचाळीसच्या वर गेली तर ती ओळ देशभरच्या चाचण्यांना पाठवता येते. दोनशे चौदाचा आकडा आला एकाहत्तर.

श्वेता मॅडमचा विश्वास बसेना. त्यांनी त्याच पिशवीतले दाणे पुन्हा पाठवले. एकोणसत्तर आला. मग मात्र मॅडम ऑफिसातून शेतापर्यंत अक्षरशः पळत आल्या. चप्पल एका पायातून निघाली ती त्यांना कळलीही नाही. लहानूने ती उचलून आणली आणि म्हणाला, "मॅडम, पोरगी पास झाली वाटते." त्या दिवशी सगळ्यांना संत्रा बर्फी मिळाली. कुसुमाबाई दोन तुकडे कागदात बांधून घरी घेऊन आल्या आणि एक मला देऊन गेल्या. "एकाहत्तर, गुरुजी," एवढंच म्हणाल्या, जणू काजलचे बोर्डाचे मार्क सांगत होत्या.

काजल तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. पाचवा महिना आणि हिमोग्लोबिन आठ. दवाखान्यात दर खेपेला डॉक्टरीणबाई रागवायच्या. गोळ्यांनी काजलला मळमळायचं. कुसुमाबाई तिला सांगायच्या, "तुह्या लेकराले ही ज्वारी भेटन पाहा. तुह्यावानी पांढरंफट्ट राहणार नाही ते." काजल हसायची. पण मी पाहत होतो, कुसुमाबाई ते हसण्यावारी बोलत नव्हत्या.

फेब्रुवारीत कृषी महाविद्यालयाची मुलं केंद्र पाहायला आली. श्वेता मॅडम त्यांना नमुने कसे घेतात ते दाखवत होत्या. शेजारी कुसुमाबाई कापडी पिशव्या घेऊन उभ्या. मॅडम म्हणाल्या, "कणीस जमिनीला का लागू द्यायचं नाही? आपल्या या काळ्या मातीत लोह दाण्याच्या हजारपट आहे. बोटाला जाणवणारही नाही इतकी माती दाण्याला चिकटली, तरी मशीन ती मोजतं. मशीनला माती वेगळी आणि दाणा वेगळा हे कळत नाही."

एका मुलाने विचारलं, "मॅडम, मग तुमचा तो एकाहत्तरचा आकडा?"

मॅडम हसल्या. कुसुमाबाईंच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "आमची कणसं या कापतात. एकोणीस वर्षांत यांचा एक नमुना खराब निघालेला नाही."

कुसुमाबाईंनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज अगदी सपाट होता. "गुरुजी, मले वाटलं तिथल्या तिथं बसून जावं. पण पोरं पाहून राहिली होती. पिशव्यांच्या घड्या केल्या मी. घडी केलेल्याच पुन्हा केल्या."

सांगायचं काय आणि कोणाला? त्या संध्याकाळी मारोतराव ड्युटीवर जाण्याआधी चहा पीत होते, तेव्हा कुसुमाबाईंनी त्यांच्यापुढे सगळं मांडलं. काजल भिंतीला टेकून शेंगा सोलत होती. तिने नंतर मला तो प्रसंग जसाच्या तसा सांगितला.

मारोतराव म्हणाले, "तुले कोणी विचारलं का?"

"नाही."

"मंग?"

"विचारलं नाही म्हणूनच तर."

"हे पाय, ज्वारी चांगली हाय ना? पीक चांगलं हाय ना? चार लोकं खातीन. कोणाचं वाईट होऊन राहिलं त्यात?"

"लोह नाही ना जी तिच्यात तेवढं. लोक लोह हाय म्हणून खातीन."

"अन् तुले कामावरून काढलं तर?"

मग काजल म्हणाली, "आई, माती खाऊन रक्त वाढत असतं तर मी शाळेतच पैलवान झाली असती." मारोतराव हसले. काजलही हसली. कुसुमाबाई उठल्या आणि तोंड धुवायला मोरीत गेल्या. बराच वेळ नळ चालू होता, असं काजल म्हणाली. आपल्या विनोदाची तिला नंतर फार लाज वाटली.

त्या अकरा दिवस गप्प राहिल्या. हे अकरा दिवस त्या कधी लपवत नाहीत. सांगताना नेमका आकडा सांगतात. तिसऱ्या दिवशी देशभरच्या चाचण्यांचा अर्ज गेला. मॅडमचा प्रकल्प पुढच्या वर्षी संपणार होता. तो वाढवून मिळावा म्हणून त्यांनी याच ओळीवर टिपण लिहिलं. दिल्लीच्या एका बैठकीत त्यांना बोलायला बोलावलं, ती तारीख ठरली. मॅडम शेतावरून जाताना गुणगुणायला लागल्या होत्या. रोज कुसुमाबाई ठरवून जायच्या की आज सांगायचं. रोज मॅडम काहीतरी नवीन चांगलं सांगायच्या आणि ते आणखी अवघड होऊन बसायचं.

या दिवसांत त्या एकदा माझ्याकडे आल्या होत्या. ज्वारीचं पीठ द्यायचं निमित्त. बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. "गुरुजी, पोरानं चूक केली अन् उशिरा सांगितली, तर तुम्ही जास्त मारायचे का कमी?" मी म्हणालो, मी मारत नसे. "हाव, ते हाय," म्हणाल्या आणि गेल्या. त्यांना काय विचारायचं होतं ते मला कळलं नाही. चाळीस वर्षं मुलांना शिकवूनही कळलं नाही, हे मला आज लिहिताना टोचतं.

बाराव्या दिवशी सकाळी त्या बियाण्याच्या खोलीत गेल्या. मॅडम पाकिटांवर नंबर घालत होत्या. कुसुमाबाई दाराजवळच म्हणाल्या, "मॅडम, दोनशे चौदाची कणसं मी खाली ठेवली होती."

मॅडमनी मान वर केली नाही. "कोणती? आत्ताची?"

"नाही. तपासणीची. मातीवर ठेवली होती. दाबून."

पेन थांबलं. "किती?"

"पाची."

"माती कोरडी होती?"

"दव होतं."

मॅडमनी पेनाला टोपण घातलं. मग का, असं विचारलं. कुसुमाबाईंनी रीत सांगितली. तेवढ्यात बाहेर ट्रॅक्टर सुरू झाला, म्हणून अर्धं त्यांना पुन्हा, मोठ्याने सांगावं लागलं. आपल्या घरची देवासारखी गोष्ट ओरडून सांगताना फार विचित्र वाटलं, असं त्या म्हणाल्या.

"तुम्हाला नियम माहीत होता," मॅडम म्हणाल्या.

"माहीत होता. कारण माहीत नव्हतं."

"कारण मी त्या पोरांना सांगितलं तेव्हा कळलं ना? त्याला बारा दिवस झाले, कुसुमाबाई. अर्ज गेला माझा. इतके दिवस काय करत होत्या?"

"तुमचं तोंड पाहून राहिली होती," कुसुमाबाई म्हणाल्या. "असं हसताना मी तुमाले कधी पाहिलं नव्हतं."

मॅडम ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या ओरडल्या नाहीत. "जा तुम्ही. निंदण चालू आहे तिकडे जा," एवढंच म्हणाल्या.

पिशवीत उरलेले दाणे मॅडमनी प्रयोगशाळेच्या शुद्ध पाण्याने तीनदा धुऊन, वाळवून पुन्हा पाठवले. आठ दिवसांनी आकडा आला. एकोणचाळीस. साध्या ज्वारीपेक्षा सात-आठने जास्त. पण पंचेचाळीस नाही, आणि एकाहत्तर तर नाहीच. मॅडमनी अर्ज मागे घेतला. दिल्लीची बैठक त्यांनी स्वतःच फोन करून रद्द केली. अहवालात लिहिलं, 'नमुना घेताना मातीचा संसर्ग झाला, जबाबदारी माझी.' वरिष्ठांनी कोणाच्या हातून झालं म्हणून विचारलं. मॅडमनी नाव सांगितलं नाही. पण अशा ठिकाणी नाव सांगावं लागत नाही. दोन दिवसांत सगळ्या केंद्राला माहीत झालं.

आणि तिथून कुसुमाबाईंचा खरा त्रास सुरू झाला. नमुने घेताना आता एक माणूस वही घेऊन शेजारी उभा राहू लागला. प्रत्येक बाईने प्रत्येक पिशवीवर सही करायची. ज्या बायांना सही येत नव्हती त्यांचा अंगठा. सरिता नावाची तिशीतली बाई कुसुमाबाईंकडूनच काम शिकलेली. ती डबा खाताना सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढं खरं बोलायची काय हौस होती वं काकू? तुमचं खरं झालं अन् आमाले अंगठे लावायची पाळी आली. चोर असल्यावानी."

"मी चोरी केली का सरिता?"

"तुम्ही नाही केली. म्हणूनच म्हणते. चोरी केली असती तर तुमाले एकटीलेच भोगा लागलं असतं."

कुसुमाबाईंनी डबा झाकला. लहानू त्या दिवशी काही बोलला नाही. सकाळी फाटकाशी ओरडणंही त्याने बंद केलं होतं. कुसुमाबाईंना सगळ्यात जास्त तेच लागलं. "शिव्या द्यायच्या होत्या ना गा त्यानं," त्या मला म्हणाल्या. "गप्प कायले बसला?"

काजलची प्रसूती जूनमध्ये झाली. दोन बाटल्या रक्त चढवावं लागलं. मुलगी झाली, वजन कमी, पण रडणं जोरदार. कुसुमाबाई चार दिवस दवाखान्याच्या वऱ्हांड्यात बसून होत्या. त्यांनी नातीला ज्वारीबद्दल काही सांगितलं नाही.

त्या वर्षी दोनशे चौदा पुन्हा पेरली. मॅडमच्या प्रकल्पाला एका वर्षाची वाढ मिळाली, तीही कशीबशी. कापणीच्या दिवशी मॅडम कुसुमाबाईंना म्हणाल्या, "तुम्हीच कापा."

"नको जी."

"का? मी सांगतेय ना."

"हात खाली जाते माहा," कुसुमाबाई म्हणाल्या. "मनाले समजलं. हाताले नाही समजलं अजून. तुम्ही सरिताले द्या."

मॅडमनी आग्रह केला नाही. सरिताने कणसं कापली. कुसुमाबाई धुऱ्यावर उभ्या होत्या, दोन्ही हात मागे बांधून. तिसरं कणीस कापताना सरिता बोलता बोलता वाकली आणि कणीस मातीपासून वीतभर अंतरावर आलं. कुसुमाबाई धुऱ्यावरून किंचाळल्या, "वर धर वं! वर!" सगळे दचकले. सरिता आधी रागावली, मग हसली. "काकू, हार्ट अटॅक देता का मले?" वहीवाला माणूसही हसला. बऱ्याच महिन्यांनी त्या बायांमध्ये कुसुमाबाईंसकट कोणी हसलं होतं, म्हणून त्यांनी ते मला सांगितलं असावं.

जानेवारीत आकडा आला. एकेचाळीस.

मॅडमनी तो शेतात येऊन सांगितला, चालत. कुसुमाबाईंनी विचारलं, "दोनदा पाहिलं का जी?"

"तीनदा पाहिलं."

"म्हणजे खरं."

"खरं," मॅडम म्हणाल्या. "पण वाण म्हणून पुढे नाही जाणार. चार कमी पडतात."

कुसुमाबाईंना वाटलं आता ओळ संपली. केंद्रात अशा ओळी दरवर्षी संपतात. पाकिटात बी भरून थंड खोलीत ठेवतात आणि पुढच्या वर्षी त्या जागी दुसरं काही पेरतात. पण मॅडमनी ती टाकली नाही. पीक चांगलं, चव चांगली, लोह बरं. हिला आई करून दुसऱ्या एका जास्त लोहाच्या ज्वारीशी संकर करायचा, असं त्यांनी ठरवलं. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पुन्हा निवड, पुन्हा शेकडो झाडं, पुन्हा ओळी.

गेल्या सप्टेंबरात ओळ फुलोऱ्यावर आली. मॅडमनी क्रॉसिंगच्या बायांची यादी वाचली. दोनशे चौदापुढे नाव होतं कुसुमावती चरडे. सरिताने मान वळवून पाहिलं.

"किती वर्षं लागन जी आता?" कुसुमाबाईंनी मॅडमना विचारलं.

"आठ. नऊसुद्धा लागतील."

कुसुमाबाई सत्तावन्नच्या आहेत. केंद्रात साठीनंतर रोजंदारीवर ठेवत नाहीत. मॅडमचा प्रकल्प या मार्चमध्ये संपतो आणि त्यानंतर त्या कुठे असतील ते त्यांनाही माहीत नाही. दोघीही तिथे उभ्या राहून हे जाणत होत्या, असं कुसुमाबाई म्हणाल्या.

त्या दुपारी त्या ओळीत स्टूल टाकून बसल्या. पहिलं कणीस हातात घेतलं, बेचाळीस फुलं ठेवली, बाकीची छाटली. मॅडम मागे उभ्या होत्या. नियमच होता तो आता. पण वहीवाला माणूस तिकडच्या टोकाला होता आणि मॅडम स्वतः इकडे आल्या होत्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ऊन तापलेलं होतं. कुसुमाबाईंच्या मानेवरून घाम ओघळत होता, पण सुई हातात असताना पुसता येत नाही. मग मॅडम म्हणाल्या, "मी ऑफिसात आहे. झालं की पिशवी लावा आणि नंबर लिहून ठेवा." आणि निघून गेल्या.

"पाहत थांबल्या नाही, गुरुजी," कुसुमाबाई मला सांगत होत्या. संध्याकाळची वेळ होती. त्या पायरीवर बसल्या होत्या, मांडीवर नात.

"मग बरं वाटलं असेल."

"भेव वाटलं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस कोणीतरी पाठीशी उभं राहे, तर हात हालत नव्हता. त्या गेल्या अन् हालला. एक पिशवी फुटली. पराग सांडला. डोळ्यानं दिसला मले, पिवळा."

"आजूबाजूला कोणी होतं?"

"कोणी नाही. सरिता दोन तास पलीकडं, पाठमोरी."

"मग?"

"ते फूल तोडलं. बाजूची दोन तोडली, त्याहीवर उडाला असन म्हणून. मंग कणसावर कागदी पिशवी घातली, उठली अन् ऑफिसात गेली. मॅडम फोनवर होत्या. उभी राहिली दारात. फोन झाल्यावर सांगितलं की एक फुटली, तीन तोडली, एकोणचाळीस राहिली."

"काय म्हणाल्या?"

नातीने त्यांच्या पदराचं टोक तोंडात घातलं होतं. त्यांनी ते हळूच काढून घेतलं, मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या, "काही नाही जी. आधी वहीत एकोणचाळीस लिहिलं. मंग म्हणाल्या, 'एका फुलासाठी एवढ्या उन्हात चालत आल्या?' अन् माठातलं पाणी दिलं. पेली मी. अन् परत जाऊन बसली. तीस फुलं व्हायची होती अजून."